चारशे वीस लिटर समुद्र कोणाच्या नावे

सोमवार, तारीख तीन

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, धंदा मोटार रिवाइंडिंग (जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देणे), माझ्या पश्चात कोणाला काय जावं हे राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. चष्मा आहे, पण तो बारीक तारेपुरता; माणसं मला बिनचष्म्याची नीट दिसतात. कोणी दबाव आणलेला नाही. कोणाची बिशाद नाही. हृदयाची एक झडप गळते, ती वीस तारखेला बदलणार आहेत. मोठे डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." हेच वाक्य मी बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आले, म्हणून लिहायला बसले.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर वकिलीणबाई बसतात. त्यांनी सांगितलं, साधं लिहा, खाडाखोड करू नका, मत बदललं तर खाली तारीख घालून पुढे लिहा, शेवटचं लिहिलेलं तेच धरतात. हे मला आवडलं. आमच्या धंद्यात चुकलेली कॉइल कापून फेकावी लागते. इथे तिच्यावरूनच पुढचे वेढे घालता येतात.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागचा कट्टा, माझ्या मुलीला. तिने विकलं तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त घेणाऱ्याला सांगावं की मागच्या खोलीचा पंखा मी स्वतः गुंडाळलेला आहे, त्याला कोणा दीडशहाण्याला हात लावू देऊ नये.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलीला. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण पासवर्ड तिनेच ठेवलाय आणि मला सांगत नाही.

कलम ३. दुकान, त्यातलं हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन, पाच किलोची ऐरण, तारेची रिळं, वॉर्निशचा डबा. माझे यजमान गेले तेव्हा लोक म्हणाले, आता दुकानाला कुलूप. मी दुसऱ्याच आठवड्यात शटर वर केलं. पहिली मोटार गुंडाळली ती उलटी फिरली. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, पंखा वारा आत ओढतोय." तिथपासून इथपर्यंत आले. हे दुकान जो खरंच चालवेल त्याला द्यावं. कोण ते मुलीने ठरवावं. मात्र,

कलम ४. माझे धाकटे दीर यांना दुकानातला एक स्क्रूसुद्धा पोचणार नाही. कारण सांगते. यजमानांच्या मागे आम्ही दोघं मिळून दुकान चालवायचो. अकरा वर्षांपूर्वी पिठाच्या गिरणीची मोटार जळाली आणि गिरणीवाला दुकानात येऊन ओरडायला लागला. तेव्हा ह्या गृहस्थांनी मोटार उघडून न बघता सरळ माझ्याकडे बोट केलं. "वहिनीने गुंडाळलेली होती." गुंडाळलेली त्यांनी होती. ते म्हणतात, मी. त्या दिवशी त्यांनी दुकानातल्या खुंटीवर अडकवलेला शर्ट काढला आणि शीतगृहात मेंटेनन्सच्या नोकरीला लागले. तिथपासून आमचं बोलणं माझ्या मुलीमार्फत चालतं. बिचारीचा अर्धा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला.

कलम ५. टाकी.

इथे मी थांबले होते. चहा केला, प्याले, परत बसले.

पुढच्या खोलीत खिडकीखाली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. चारशे वीस लिटर. आत जिवंत प्रवाळ, म्हणजे दगडाला चिकटून वाढणारे जीव, फुलासारखे उघडणारे. मी त्यांना शास्त्रीय नावं ठेवलेली नाहीत. एक 'हातोडी' आहे, तिच्या बोटांची टोकं हातोडीसारखी. एक 'मेंदू' आहे, तो मेंदूसारखा. एका दगडावर 'बटणं' आहेत. दोन केशरी मासे आहेत, त्यातली मोठी ती बायको. घरातली सूत्रं कोणाकडे आहेत हे कोणालाही बघून कळतं. पंधरा गोगलगाई, दोन कोळंब्या. नऊ वर्षांपूर्वी एक मासेवाला दुकानात जळलेला पंप घेऊन आला. मी दुरुस्त केला आणि विचारलं, हा कशाला लागतो? त्याने एकदा येऊन बघा म्हटलं. मी गेले आणि तिथेच बसले. त्या माणसाला सगळे खारट म्हणतात. धंद्यामुळे म्हणतात की स्वभावामुळे, हे अजून नक्की नाही.

ही टाकी कोणाला द्यायची ते ठरवायला बसले आणि अडचण अशी की ती मरायला टेकली आहे.

मागच्या मंगळवारी मुख्य पंप अडकला. दांडा धरणारा रबरी बुश झिजला होता. खारटकडे नवा नव्हता, आठ दिवसांनी येणार म्हणाला. आठ दिवस पाणी फिरलं नाही तर आत काही उरत नाही. मी चाळीस मिनिटांत पंप चालू केला. मिक्सरचा एक बुश होता, तो घासून बरोबर बसवला. इतका बिनआवाजी पंप खारटने आयुष्यात ऐकला नसेल. दुसऱ्या दिवशी तपासण्यांसाठी दवाखान्यात दाखल झाले. चार दिवस माशांना खाऊ घालायला मुलीने (ती दुसऱ्या शहरात असते) माझ्या नकळत काकांना किल्ली दिली.

काल परत आले. दोन्ही कोळंब्या मेलेल्या. गोगलगाई काचेवरून खाली पडलेल्या, उताण्या. हातोडी मिटून मुठीएवढी झालेली. मासे मात्र मजेत. पाणी स्वच्छ, पंप झकास फिरतोय.

मेलेल्या कोळंब्या जाळीने बाहेर काढल्या.  

म्हणून कलम ५ आज कोरं ठेवते. मेलेली टाकी कोणाच्या नावे करायची? आणि जिवंत राहिली, तर वीस तारखेनंतर तिच्याकडे बघणार कोण? 

मंगळवार, तारीख चार

खारट येऊन गेला. गुडघ्यावर बसून काचेतून अर्धा तास बघत राहिला, जसा डॉक्टर जीभ बघतो.

"मीठ बरोबर. तापमान बरोबर. अमोनिया थोडा आहे, मेलेल्यांचा. मासे ठीक आणि गोगलगाई खलास. म्हणजे विष असं आहे की माशाला चालतं आणि बाकीच्यांना चालत नाही. ताई, आत तांबं कुठून आलं का?"

"अरे, माझ्या टाकीत तांबं कुठून येईल? माझी तार दुकानात. टाकी घरात. मी दुकानातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुते."

"मग कोणी हात घातला का?"

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलीला फोन लावला.

"तुझ्या काकांनी ग्रीसचे हात टाकीत घातलेत."

"आई, काका रोज मला व्हिडिओ पाठवायचे. खाऊ घालतानाचा."

"त्यात हात दिसतो का?"

"चमचा दिसतो. लांब दांड्याचा."

"हात कॅमेऱ्याच्या मागे असणार."

"कॅमेरा धरायला लागतोच ना हात!"

मी फोन ठेवला. तिला वकिली करायची असेल तर वरच्या मजल्यावर जागा आहे.

कलम ४, सुधारित. दिरांना दुकानातला स्क्रू पोचणार नाही, घरातला चमचा पोचणार नाही, आणि माझ्या पश्चात टाकीच्या दहा हातांच्या आत त्यांनी येऊ नये.

बुधवार, तारीख पाच

आले. टाकीच्या दोन हातांवर येऊन उभे राहिले.

दार वाजलं, उघडलं, तर भाऊजी. केस पांढरे झालेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांत पन्नास-पन्नास लिटरचे निळे ड्रम, रिकामे.

"शीतगृहातले आहेत. धुतलेत. पाणी बदलायला लागेल म्हणाली पोरगी."

"तुम्हाला बोलावलं कोणी?"

"तुम्ही नाही बोलावलं. मी ड्रम ठेवतो आणि जातो."

ठेवले, पण गेले नाहीत. मीठ कालवलेलं पाणी मी आदल्या दिवशीच तयार ठेवलं होतं, शंभर लिटर, आणि डॉक्टरांनी मला बादली उचलायला मनाई केली आहे. मी बादली उचलली. त्यांनी बघितलं. मी परत उचलली.

"वहिनी, सरक. सरक तिकडे. झडप गळते आणि ही बादल्या उचलते."

अकरा वर्षं मुलीमार्फत 'तुझ्या आईसाहेब' असं माझं नाव होतं. मी सरकले.

त्यांनी शंभर लिटर काढलं, शंभर लिटर भरलं, जमिनीवर एक थेंब नाही. मान्य करावं लागतं. मग कान टाकीला लावून उभे राहिले.

"हा पंप वाजत कसा नाही?"

"माझ्या हातचा आहे, म्हणून."

"खाऱ्या पाण्यातला पंप थोडा तरी वाजतो. चारही दिवस मला हे खटकत होतं. म्हटलं, आपण बोलायचं नाही." तेवढं बोलून त्यांनी प्लग काढला, पंप बाहेर घेतला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. अजून खिशात ठेवतात. चार स्क्रू. वर्तमानपत्रावर भाग मांडले, डावीकडून उजवीकडे, यजमान मांडायचे तसे.

शेवटचा भाग त्यांनी चिमटीत धरून माझ्यासमोर ठेवला. मिक्सरचा पितळी बुश. मी बसवला तेव्हा सोन्यासारखा होता. आता त्यावर हिरवी बुरशी चढल्यासारखं काहीतरी होतं, बोट लावलं की सुटत होतं.

"वहिनी, हे काम कोणाचं?"

पितळ म्हणजे काय? तांबं आणि जस्त. हे मला कोणी सांगायला पाहिजे का? मी आयुष्यभर तांब्यावर जेवले. तार तांब्याची, भाजलेले हात तांब्याने, मुलीचं कॉलेज तांब्यावर. आणि खाऱ्या पाण्यात पितळ आठ दिवस फिरवत ठेवलं.

मी म्हणाले, "चहा घेता का?"

"घेतो," म्हणाले. आणि वर्तमानपत्रावरचे भाग एकेक पुसायला लागले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, तारीख सात

खारट तांब्याची चाचणी घेऊन आला. बाटलीतलं पाणी निळं झालं. खारट म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं." मी त्याला बिस्किटं दिली नाहीत.

उपाय त्याने असा सांगितला. कोळशाची पिशवी पाण्याच्या वाटेत टाकायची. धातू शोषणारी पांढरी गादी टाकायची. ती तांबं पिते आणि पिऊन निळी होते. दिवसाआड शंभर लिटर पाणी बदलायचं. हातोडी, मेंदू आणि बटणं काढून स्वच्छ पाण्याच्या टबात, हीटर लावून. "आणि दगडांनीही तांबं पिलेलं असतं, ते हळूहळू ओकतील. घाई करायची नाही. उरलेलं उरेल."

"किती उरेल?"

"ताई, मी मासेवाला आहे."

भाऊजींनी शीतगृहातल्या लेथवर नायलॉनचा बुश करून आणला. पंप चालू झाला. किंचित वाजतो. 

शनिवार, तारीख आठ

कलम ४ पुन्हा लिहायचं आहे. कालपासून तीन वेळा कागद पुढे ओढला.

पहिल्यांदा लिहायला घेतलं, की चूक खारटची, साधा बुश दुकानात ठेवता येत नाही. मग वाटलं, चूक पंप करणाऱ्यांची, रबर काय प्रतीचं लावतात. मग झडपेची, कारण त्या आठवड्यात माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. ही तिन्ही कारणं चांगली आहेत आणि मी ती वाया घालवतेय याचं मला वाईट वाटतं.

कलम ४, नव्याने. मी, वर वर्णन केलेली, असं लिहून देते की टाकीतली कोळंबी, गोगलगाई आणि जे जे मेलं ते माझ्या हाताने मेलं. पितळी बुश मी बसवला. आवाज आला नाही म्हणून मी स्वतःवर खूश झाले. माझ्या दिरांनी टाकीत हात घातला नव्हता, चमचा घातला होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मोटार उघडून न बघता माझ्याकडे बोट केलं हे मी सगळ्या गावाला सांगितलं. या वेळी मी पंप उघडून न बघता त्यांच्याकडे बोट केलं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. स्क्रू आणि चमच्याबद्दलचा मजकूर रद्द. दहा हातांचा मजकूर रद्द. गिरणीच्या मोटारीबद्दल माझं मत कायम.

बुधवार, तारीख बारा

भाऊजी रोज सकाळी कामावर जायच्या आधी येतात आणि सुटल्यावर येतात. ड्रमवर खडूने तारखा घालतात. मीठ मोजायचं यंत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः बघतात आणि मग मला दाखवतात, जसं काही मला वाचता येत नाही.

मेंदूच्या एका बाजूचा रंग उडाला. हाडासारखा पांढरा झाला. मी टबासमोर स्टुलावर बसले होते. भाऊजी म्हणाले, "एक बाजू आहे ना अजून."

"दुसरीपण जाईल."

"जाईल तेव्हा जाईल. आत्ता गादी बघ." गादी काढली तर निळीशार, शाईत बुडवल्यासारखी. "हे सगळं आतून बाहेर आलं. म्हणजे आत तेवढं कमी झालं."

असा हिशेब मला सुचला नसता. मी निळं बघून घाबरले होते.

दुपारी दवाखान्यात ऑपरेशनआधीची भेट होती. ते बरोबर आले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, काही शंका? मी म्हणाले, "झडप कुठल्या धातूची आहे?"

डॉक्टर थोडे गोंधळले. म्हणाले, "धातूची नाहीच म्हणा. पण विचारता का?"

भाऊजी खुर्चीतून म्हणाले, "डॉक्टर, पितळ नको. यांना अनुभव आहे."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी मात्र हसले, आणि हसताना धाप लागली, आणि धाप लागल्यावर दोघांचेही चेहरे उतरले. मी म्हणाले, अहो, हसतेय. तेव्हा कुठे डॉक्टर पुढचा कागद काढायला लागले.

बसमध्ये भाऊजींनी तिकिटं काढली. उतरताना म्हणाले, "वीस तारखेला तू आत असशील तेव्हा पाणी मी बदलतो. किती दिवस लागतील ते लागोत. सांगायची गरज नाही, पण सांगतो."

शुक्रवार, तारीख चौदा

गोगलगाय. एक. पंधरातली एक कुठेतरी दगडामागे दडून राहिलेली होती, ती आज सकाळी काचेवर. भाऊजींनी फोन करून मला दुकानातून बोलावलं. मी शटर अर्धं टाकून आले. आम्ही दोघं, मिळून वय एकशे सव्वीस, गोगलगाय चालताना बघत उभे. ती इंचभर सरकली. भाऊजी म्हणाले, "बघ, निघाली." जणू स्टेशनवर सोडायला आलो होतो.

खारटची चाचणी: बाटलीतलं पाणी जवळजवळ रंगहीन.

सोमवार, तारीख सतरा

हातोडी, मेंदू आणि बटणं काल परत टाकीत ठेवली. आज अकराच्या सुमाराला खिडकीतून ऊन आलं आणि हातोडी उघडली.

एकदम नाही उघडली. आधी एक बोट, मग तीन. मग टोकं फुगली, हिरवी, पाण्याबरोबर हलायला लागली. केशरी बायको येऊन तिच्यात अंग घासून गेली, नवरा मागोमाग. बटणं अर्धी उघडली आहेत. मेंदूची पांढरी बाजू पांढरीच राहील असं खारट म्हणतो, पण दुसरी धरून आहे.

माझा जीव भांड्यात पडला. मुलीला फोन लावला आणि बोलायचं ते बोलताच येईना. ती घाबरली. मग म्हणाले, "हातोडी उघडली." ती म्हणाली, "आई, मला वाटलं तुला काही झालं!" मी म्हणाले, "मला झालंच आहे."

आता कलम ५ भरता येतं. सदर टाकी, आतल्या जिवंत-मेलेल्या सगळ्यांसह, माझ्या पश्चात माझ्या धाकट्या दिरांना जावी. त्यांच्याशिवाय ती आज उभी नसती. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "देवा, आई, काकांनाच दे, माझ्याकडे कुंडीतलं रोप जगत नाही."

कलम ६. खारटला काही नाही. नऊ वर्षांत त्याने माझ्याकडून पुरेसं नेलेलं आहे. बिस्किटं मात्र उद्या देईन.

मंगळवार, तारीख अठरा

उद्या दाखल व्हायचं आहे. सह्या करायला सगळे पुढच्या खोलीत जमले. वकिलीणबाई खुर्चीत, खारट स्टुलावर, भाऊजी टाकीला टेकून, मी टाकीसमोर. बाईंनी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे शिक्षाच आहे. दीडशहाण्यापाशी खारट हसला. कोरं कलम ५ आलं तेव्हा कोणी हसलं नाही.

आठ तारखेचं कलम ४ आलं. बाईंनी वाचलं. 

भाऊजी म्हणाले, "ते परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"गिरणीबद्दल मत कायम?"

"कायम," मी म्हणाले.

"चालेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसण्याइतका मळला नव्हता.

वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "साक्षीदार दोन लागतात. एक हे." म्हणजे खारट. "दुसरे कोण?"

भाऊजींनी खिशातून पेन काढलं. स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारचं.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत, तर मिळालेलं जाईल."

"म्हणजे टाकी जाईल?"

"टाकी जाईल."

भाऊजींनी टाकीकडे बघितलं. हातोडी पूर्ण उघडलेली होती. मग माझ्याकडे बघितलं. मग बाईंच्या हातातल्या कागदाकडे.

"मग सही करतो."

"भाऊजी, डोकं फिरलंय का?" मी उठलेच. "पंधरा दिवस बादल्या वाहिल्यात! बाई, वरच्या मजल्यावरून कोणालाही बोलवा, तुमचा कारकून बोलवा, तो करेल सही."

"कारकून कशाला? वहिनी, टाकी काय, आणखी एक उभी करता येईल. तू चूक कबूल केल्याचा कागद पुन्हा मिळणार नाही. चाळीस वर्षं तुला ओळखतो मी. त्यावर सही माझीच पाहिजे."

खारट स्टुलावरून पडायच्या बेतात आला. बाई हसू नये म्हणून पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. आणि मी? मी चिडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की कलम ५ पुन्हा कोरं झालंय. उद्या मी दाखल, टाकी कोणाचीच नाही, आणि ज्याची व्हायला पाहिजे तो माणूस पेनाचं टोपण काढून बसलाय.

मी बाईंना विचारलं, मरेपर्यंत थांबायलाच पाहिजे असा काही नियम आहे का? म्हणाल्या, नाही, तुमची वस्तू तुम्ही आज कोणालाही देऊ शकता, त्याचा या कागदाशी संबंध नाही. मग मी पेन मागून घेतलं. आधी भाऊजींचं, मग ते देईनात म्हणून खारटचं.

कलम ५, शेवटचं. टाकी या मृत्युपत्रात नाही. ती माझी उरलेली नाही, म्हणून मला ती कोणाला ठेवून जाता येत नाही. आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, हयातीत, स्वतःच्या दोन पायांवर उभं राहून, ती मी माझ्या दिरांना देऊन टाकली आणि घराची दुसरी किल्ली त्यांच्या खिशात टाकली. चारशे वीस लिटर हलवता येत नाहीत. त्यामुळे टाकी आहे तिथेच राहील आणि मालकाने रोज तिथे यावं. मी दवाखान्यातून परत आले तर खुर्ची माझी, टाकी त्यांची. परत आले नाही तर खुर्ची मुलीची, बसायचं मात्र त्यांनी. मुलीने यात आडकाठी करू नये.

भाऊजी खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "आणखी एक लिही. मालकाला विचारल्याशिवाय पंप उघडायचा नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हलले नाहीत.

कलम ७. मालकाला विचारल्याशिवाय मी पंप उघडणार नाही.

वरचा सगळा मजकूर, रद्द केलेल्या कलमांसकट, माझाच आहे, वाचून घेतला, पटला म्हणून सही केली.

ठिकाण: पुढची खोली, टाकीसमोर.
दिवस: मंगळवार, तारीख अठरा, दुपारचे बारा वाजायला पाच मिनिटं कमी.

लिहून देणारी: मोटार रिवाइंडिंगवाली (सही)

साक्षीदार पहिला: खारट, मासेवाला. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. बिस्किटं मिळाली. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा दीर, मेंटेनन्स, टाकीचा मालक. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. कलम ४, तारीख आठचं, मी दोनदा वाचून घेतलं. बरोबर आहे. (सही)